स्ट्रायकरवर वाद घालण्यापूर्वी सामना कसा पाहावा

भारतीय फुटबॉल संघाचा सामना गोलशून्य सुटला किंवा निसटता पराभव पदरी पडला, की त्या रात्रीपासून सारी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: नऊ नंबरच्या, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्या स्ट्रायकरच्या जागेवर कोण हवा? 6 जून 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतशी 0-0 अशी बरोबरी झाली आणि 151 सामन्यांत 94 गोल करणाऱ्या सुनील छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. मार्च 2025 मध्ये त्यालाच पुन्हा मैदानात उतरावे लागले, तेव्हा तो अधिक बोचू लागला. कोल्हापूरच्या पेठांत आणि मडगावच्या फातोर्डा परिसरात हा वाद पोटतिडकीने होतो, आणि तो व्हायलाच हवा. मात्र अनेक वर्षे असे वाद ऐकल्यावर आणि घातल्यावर माझे मत असे झाले आहे की, चेंडू स्ट्रायकरपर्यंत कसा पोहोचला हे न पाहताच आपण त्याच्यावर निकाल देऊन मोकळे होतो. ते पाहण्याची एक पद्धत पुढे देत आहे. त्यासाठी एक वही, एक पेन आणि नव्वद मिनिटांचा संयम पुरेसा आहे.

सामन्याआधी: खेळाडू क्लबकडून कुठे खेळतो ते लिहा

संघ जाहीर झाला की आघाडीच्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो आपल्या क्लबकडून कोणत्या जागी खेळतो ते लिहावे. इंडियन सुपर लीगमध्ये मधल्या आघाडीची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूला देत आले आहेत, त्यामुळे स्ट्रायकर म्हणून घडलेला भारतीय मुलगा वर्षभर विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळतो आणि राष्ट्रीय संघात आल्यावर मात्र त्याने प्रतिस्पर्ध्याच्या दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मधोमध उभे राहून गोल करावेत अशी आपली अपेक्षा असते. मनवीर सिंगचे उदाहरण सर्वांना माहीत आहे: नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतमध्ये 1-0 असा विजय मिळवून देणारा गोल त्याचा होता, पण मोहन बागानकडून तो प्रामुख्याने उजव्या बाजूला खेळत आला आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता, पुढे क्लब फुटबॉलमध्ये तोही विंगकडेच वळला. इंडियन सुपर लीगच्या 2024-25 च्या हंगामात छेत्रीने चाळिशीत 14 गोल करून भारतीय खेळाडूंत पहिला क्रमांक मिळवला. त्याचे कौतुक करताना, त्याच्यानंतरच्या पिढीला त्या जागेवर किती मिनिटे खेळायला मिळाली हेही विचारले पाहिजे. ही नोंद वहीत असली की चर्चेतला निम्मा राग आपोआप योग्य दिशेला वळतो.

सामना सुरू असताना: पंधरा मिनिटे चेंडूकडे पाहू नका

हे सर्वांत अवघड आहे, कारण आपले डोळे सवयीने चेंडूमागे धावतात. पहिल्या अर्धातील कोणतीही पंधरा मिनिटे निवडावीत आणि तेवढा वेळ फक्त स्ट्रायकरवर नजर ठेवावी. स्टेडियममध्ये हे सहज जमते. दूरचित्रवाणीवर कॅमेरा चेंडूबरोबर फिरत असल्याने तो चौकटीत असेल तेवढ्याच क्षणांचा हिशेब ठेवावा.

एक प्रसंग तुम्हाला जवळजवळ प्रत्येक सामन्यात दिसेल. आपला विंगर डावीकडून चेंडू घेऊन आत वळतो. त्याच क्षणी स्ट्रायकर बचावपटूच्या पाठीमागून सरकून जवळच्या खांबाकडे झेपावतो आणि पळता पळताच हाताने खाली बोट दाखवून चेंडू इथे दे, असे सुचवतो. विंगर मान वर न करता चेंडूला आणखी एक स्पर्श करतो. तेवढ्यात स्ट्रायकर ऑफसाइड (बचावफळीच्या पलीकडे, नियमबाह्य जागी) झालेला असतो किंवा बचावपटूने त्याची वाट अडवलेली असते, आणि उशिरा आलेला क्रॉस, म्हणजे कडेकडून गोलसमोर टाकलेला चेंडू, गोलरक्षकाच्या हातात विसावतो. गॅलरीतून आवाज येतो, ‘अरे, हा होता कुठे?’ तो होता, पण चेंडूच वेळेवर आला नाही.

वहीत तीन रकाने पाडावेत: स्ट्रायकर धावला आणि चेंडू मिळाला, धावला पण चेंडू मिळाला नाही, चेंडू आला पण तो धावलाच नव्हता. प्रत्येक वेळी एक रेघ मारावी. तिसऱ्या रकान्यात रेघा वाढल्या तर दोष स्ट्रायकरचा आहे आणि तो स्पष्ट सांगावा. दुसरा रकाना भरत गेला तर चर्चा मध्यरक्षकांकडे आणि विंगरकडे न्यावी लागेल.

डावपेच: अंतर मोजा

4-2-3-1 की 4-4-2, या खेळाडूंच्या मांडणीच्या आकड्यांवर तासन्‌तास बोलता येते, पण मला ते आकडे दुय्यम वाटतात. बचावफळी आणि स्ट्रायकर यांच्यातील अंतर किती आहे, हे आधी पाहावे. संघ आपल्याच पेनल्टी क्षेत्रासमोर दाटीवाटीने उभा राहून बचाव करत असेल, तर चेंडू हिसकावल्यानंतर एकट्या स्ट्रायकरला अर्ध्याहून अधिक मैदान पार करायचे असते आणि त्याच्या मदतीला कोणी पोहोचेपर्यंत दोन बचावपटू त्याला घेरतात. जानेवारी 2024 मध्ये कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 0-2, उझबेकिस्तानविरुद्ध 0-3 आणि सीरियाविरुद्ध 0-1 असा हरला. तीन सामन्यांत एकही गोल नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या अर्धात छेत्रीने डोक्याने मारलेला चेंडू खांबाबाहेर गेला आणि पुढे कित्येक दिवस त्या एका हेडरवरच वाद रंगला. अशा संधी इतक्या दुर्मीळ का होत्या, हा मोठा प्रश्न मागे पडला.

यासाठी एक सोपी खूण सांगतो: आपण चेंडू हिसकावला की मनात तीन आकडे मोजावेत आणि स्ट्रायकरच्या जवळपास आपले किती खेळाडू आहेत ते पाहावे. पुन्हा पुन्हा एकही नसेल, तर त्या जागी कोणालाही उभे केले तरी फारसा फरक पडणार नाही.

सामन्यानंतर: गोलांची बेरीज सुटी करून पाहा

गोल कोणाविरुद्ध झाला आणि कसा झाला, हे वेगवेगळे लिहावे. पेनल्टीचा गोल मोजावा, पण खेळ चालू असताना झालेल्या गोलांत तो मिसळू नये. 26 मार्च 2024 रोजी गुवाहाटीत छेत्रीने आपल्या 150 व्या सामन्यात पेनल्टीवर गोल केला, तरीही अफगाणिस्तानने तो सामना 2-1 असा जिंकला. त्या दिवशी खेळ चालू असताना आपल्याला एकही गोल करता आला नाही, आणि धावफलकावरचा एक गोल पाहून हे लक्षात येत नाही. याउलट ऑक्टोबर 2024 मध्ये व्हिएतनाममध्ये 1-1 अशी बरोबरी साधून देणारा, खेळ चालू असताना झालेला फारुख चौधरीचा गोल, त्या दौऱ्याची फारशी चर्चा न झाल्याने, पुष्कळांच्या आठवणीतही नाही. फारुख आपल्या अंबरनाथचा आहे, म्हणून मला त्याचे अधिकच वाटते.

बदली खेळाडूंच्या बाबतीत फक्त वेळ टिपावी. नव्या स्ट्रायकरला ऐंशीव्या मिनिटानंतर उतरवले असेल, तर त्याच्या कामगिरीवर मत देण्याइतका पुरावा आपल्या हाती नसतो.

वाद घालताना

‘त्याला काढा’ हे वाक्य अर्धेच आहे. ‘त्याच्या जागी अमुक खेळाडू घ्या, त्याला चेंडू अमुक बाजूने आणि अमुक उंचीवर मिळायला हवा, आणि त्यासाठी मध्यरक्षकांपैकी अमुक जण हवा’, एवढे म्हटले की ते पूर्ण होते. समोरच्याचे मत खोडण्याआधी आपल्या वहीतील तीन रकाने त्याच्यासमोर ठेवावेत आणि त्याने काय पाहिले ते विचारावे. त्याने बचावाकडे लक्ष दिले असेल तर त्याला दिसलेले आपल्या नजरेतून हमखास सुटलेले असते. खेळाडूच्या घरादारावर, जातीवर, प्रांतावर किंवा वयावर घसरणारे बोलणे तिथल्या तिथे थांबवावे, कारण पुढच्या सामन्यात तोच मुलगा आपल्यासाठी धावणार असतो.

शेवटी वहीच्या नव्या पानावर पुढच्या सामन्यासाठी आपला संघ लिहावा, स्ट्रायकरच्या नावाभोवती वर्तुळ काढावे आणि ज्या खेळाडूकडून त्याला चेंडू मिळेल असे वाटते, त्याच्यापासून त्या वर्तुळापर्यंत एक बाण ओढावा. बाण कोणापासून काढायचा हेच सुचत नसेल, तर स्ट्रायकरचे नाव तूर्त पेन्सिलनेच लिहावे.