सकाळच्या पहिल्या सेल्फचं निदान

गॅरेजला आलेली गाडी चालत आलेली असते, म्हणजेच ती गरम असते. इतकी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला या धंद्यात बरीच वर्षं लागली. कोल्ड स्टार्टच्या एमिशनचा, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना निघणाऱ्या धुराचा, बिघाड असलेली गाडी परळला माझ्या दारात येईपर्यंत इंजिन नव्वद अंशांवर असतं आणि बिघाड गुडूप. म्हणून अशी गाडी मी बोलावतच नाही. ती रात्रभर जिथे उभी असते तिथे सकाळी सहाला स्कॅनर घेऊन मीच जातो.

मुंबईत कसली आलीय थंडी, असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. जानेवारीतल्या पहाटेही इथे पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच उतरतो, हे खरंच. पण कॅटकॉनला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या त्या डब्याला, काम सुरू करायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात. त्याच्या हिशेबात सोळा काय नि अठ्ठावीस काय, सारखंच. तो तापेपर्यंत जो धूर निघतो तो जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, सेल्फ लागल्याबरोबर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, चढवतो, बहुतेक गाड्यांत मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या आसपास, आणि स्पार्क मुद्दाम उशिरा देतो. त्यामुळे बरीचशी उष्णता सिलिंडरमध्ये खर्ची न पडता थेट कॅटकॉनकडे जाते. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या युरोपियन पेट्रोल गाड्यांत, यावर एक हवेचा पंपही असतो. तो मिनिट-दीड मिनिट एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो, न जळलेलं पेट्रोल तिथेच जळतं आणि डबा लवकर तापतो. याला सेकंडरी एअर म्हणतात. यातलं काही बिघडलं तरी दिवसभर गाडी मस्त पळते, पीयूसीही निघतं, कारण ते गरम गाडीचं काढतात. फक्त डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जात नाही.

दिवा दिसला की लोक पहिली चूक करतात ती कोड, म्हणजे ईसीयूने साठवलेला बिघाडाचा नंबर, पुसायची. पुसू नका, आधी वहीत उतरवा. पी ०४१० किंवा पी ०४११ असेल तर सेकंडरी एअर. पी ०५०ए म्हणजे थंड आयडल आणि पी ०५०बी म्हणजे थंड इंजिनातलं स्पार्कचं टायमिंग. पी ०१२८ म्हणजे कूलंट हवं तितकं तापत नाही. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे. कोडच्या मागे फ्रीझ फ्रेम असते, कोड पडला त्या क्षणाचा जणू फोटोच. त्यात कूलंट ३१ अंश आणि स्टार्ट होऊन ४० सेकंद असं दिसलं, तर तुम्ही योग्य ठिकाणी शोधताय. सोबत पी ०४२० असेल, तरी त्याला तूर्त हात लावू नका. तो कॅटकॉनवर आळ घेतो, आणि कॅटकॉन हा या अख्ख्या यादीतला सर्वांत महाग माल.

पार्ल्याच्या एका काकूंची पंधरा वर्षं जुनी जर्मन सेदान होती, कोड पी ०४११. आदल्या दिवशी मी त्यांना फोनवर सांगितलं, "काकू, रात्री दहानंतर गाडी हलवू नका. चावीसुद्धा फिरवू नका." सकाळी गेलो तर म्हणाल्या, "साडेनऊपासून उभी आहे. वॉचमनलाही सांगून ठेवलं होतं, कुणी हात लावायचा नाही म्हणून." असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. निदान सहा ते आठ तास गाडी उभी हवी, त्याशिवाय पुढच्या कुठल्याही आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि एक सांगतो, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून ही तपासणी करू नका. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत उघड्यावर आणा, मग सेल्फ मारा.

सेल्फ मारण्याआधी नुसतं इग्निशन ऑन करून स्कॅनरवर दोन तापमानं बघा, कूलंटचं आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या गाडीत ती जवळजवळ सारखी हवीत, तीन-चार अंशांचा फरक चालतो. हवा २७ आणि कूलंट ५२ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन कोमट आहे असं समजून ईसीयू थंडीची युक्ती अर्धवटच वापरणार. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सर्किट तुटलंय, प्लग सुटलाय किंवा वायर कापली गेलीय. आमच्याकडे पावसाळ्यात हे काम उंदीर करतात. बॉनेटखाली कोरडी, उबदार जागा मिळते आणि वायरिंगचं आवरण त्यांना गोड लागत असावं. सेन्सर काढून मल्टिमीटर लावा. बहुतेकांचा रेझिस्टन्स २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. बॅटरीही आत्ताच मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, नाहीतर पुढे सगळंच संशयित वाटेल.

आता सेल्फ. पहिली तीस सेकंदं फक्त आयडल आणि इग्निशन टायमिंग बघायचं. टायमिंग शून्याच्या जवळ किंवा उणे असलं, आयडल चढलेला असला आणि मग दोन्ही हळूहळू नेहमीच्या जागी आले, तर युक्ती चालू आहे. आयडल चढतच नसेल तर थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, काळा थर आणि फाटलेला व्हॅक्यूम होस, हे दोन जुने गुन्हेगार आधी तपासा.

पंपवाली गाडी असेल तर डोळ्यांपेक्षा कान लावा. मिक्सर दूरच्या खोलीत चालू असावा तसा आवाज येतो. काकूंच्या गाडीत तो आलाच नाही. फ्यूज ठीक, रिले टकटक करतोय, पंपाच्या प्लगवर बारा व्होल्ट येतायत, पंप मात्र मेलेला. मी खुशीत नवीन पंप मागवला, बसवला, कोड पुसला आणि पैसे घेतले. सव्वा महिन्यात दिवा परत. नवीन पंपही जाम. तो उघडला तेव्हा आतून पाणी आणि काजळी निघाली आणि माझा चेहरा पंपापेक्षा काळा झाला.

पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये एक व्हॉल्व्ह असतो. हवा तिकडे जाऊ द्यायची आणि गरम धूर इकडे येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. तो गळत होता. धुरातली वाफ रोज पंपात जाऊन थंड होऊन पाणी बनत होती. म्हणजे जुना पंप हा रोगी होता, रोग दुसरीकडेच होता. दुसरा पंप मी माझ्या पैशांनी टाकला. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: पंप मेलेला दिसला की त्याला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हकडे जाणारा हवेचा होस काढा, पंप बंद असताना इंजिन चालू ठेवा आणि उघड्या तोंडाजवळ तळहात धरा, टेकवू नका. धुराचे झोत जाणवले किंवा होसच्या आत काजळी दिसली तर व्हॉल्व्ह बाद. व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघा, टिकतो का ते. त्याचा बोटभर रबरी पाइप इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन चिरतो, तोही वाकवून बघा. पंप फिरत असूनही कोड पडत असेल तर कॅटकॉनच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर बघा. तो तापून काम करू लागल्यावर पंप चालू असेपर्यंत व्होल्टेज ०.२ च्या खाली राहायला हवं. नसेल राहत, तर हवा तिथवर पोचतच नाही. हे साध्या सेन्सरचं सांगतोय, वाइडबँड प्रकारच्या सेन्सरचे आकडे वेगळे.

पी ०१२८ चा नेहमीचा संशयित म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. त्याबद्दल माझं डोकं तापतं. "मुंबईत काय गरज, काढून टाका, गाडी गरम होणार नाही" असं सांगणारे मिस्त्री अजून आहेत. थर्मोस्टॅट काढला की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापायला बराच जास्त वेळ घेतं. तोवर ईसीयू पेट्रोल जास्त ओतत राहतो. सायनच्या ट्रॅफिकमध्ये हे लपून जातं, कारण तिथे काहीही तापतं. ओळखायचं असेल तर पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर जा, एकसारख्या वेगाने चालवा आणि कूलंटचा आकडा बघा. पी डिमेलो रोड सोडताना ८० असलेला आकडा वाऱ्याने पासष्टवर घसरला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तिथे नाहीच. काढून बघा, पण इंजिन थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेले हात मी पाहिलेत.

हीटरचे कोड सोपे. सेन्सर थंड असताना हीटरच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ ते १५ ओहम मिळतात. अनंत मिळालं तर हीटर तुटला, सेन्सर बदला. बरोबर मिळालं तर फ्यूज आणि अर्थिंग. सीएनजीवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमची गाडी सहसा सुरू पेट्रोलवर होते आणि आपल्या हवेत चटकन गॅसवर जाते. टाकीत सहा महिन्यांचं शिळं पेट्रोल असेल तर थंड स्टार्टची तक्रार तिथूनच येऊ शकते.

दुरुस्तीनंतर घाई करू नका. गाडी ही चाचणी स्वतः घेते, पण फक्त थंड असताना, म्हणजे दिवसाला जेमतेम एकदा. संध्याकाळी पन्नास वेळा सेल्फ मारून काही कळत नाही. कोड पुसा, रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू करा, आणि असं दोन-तीन सकाळी करून पेंडिंग कोड, म्हणजे दिवा लागण्याआधीच नोंदला गेलेला कोड, बघा. काकूंना मी तीन सकाळी सांगितल्या होत्या. त्यांनी पाच दिवस रोज सव्वासहाला डॅशबोर्डचा फोटो पाठवला. सहाव्या दिवशी फोटो आला नाही म्हणून मीच फोन केला, तर म्हणाल्या, "अहो, आज गाडी लेक घेऊन गेला पुण्याला. दिवा नाहीये, जा चहा प्या."