रेल्वे अपघाताचा चौकशी अहवाल कसा वाचावा

जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडकल्या, तेव्हा आमच्या नाक्यावरच्या गाड्यावर चहा निवायच्या आत दोषी ठरले होते! मी रुळांच्या देखभालीत जन्म काढलाय. म्हणून सांगतो, अहवाल मिळाला की निष्कर्षाचं पान आधी उघडू नका.

सरावाला स्कॉटलंडचा टे पूल घ्या. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात तो चालत्या गाडीसकट नदीत कोसळला, गाडीतलं कोणीच वाचलं नाही.

आधी फक्त काय मोडलं ते लिहा, माणसांची नावं नकोत. बिडाचे खांब, त्यांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, पट्ट्या अडकवायचे बिडाचे कान. ओतकामात राहिलेली भोकं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळीच्या लगद्याने बुजवल्याचं साक्षींत आलं.

मग प्रत्येक वस्तूपुढे लिहा: कोणाला ठाऊक होतं, आणि थांबवणं कोणाच्या हातात होतं? इथे घाई करू नका. पुलाची देखभाल हेन्री नोबलकडे होती. पट्ट्या सैल होऊन खडखडताहेत हे त्याने ऐकलं, लोखंडाच्या चिपा आणून फटींत ठोकल्या, आणि मुख्य अभियंता थॉमस बाऊच याला कळवलंच नाही. चूक नोबलचीच, असं वाटतं ना? पण हा माणूस विटांच्या बांधकामातला, लोखंडाच्या कामाचा अनुभव शून्य. त्याला तिथे नेमला कोणी? आमच्याकडेही खालच्या माणसावर ढकललं की फाइल पटकन बंद होते.

वाऱ्या-पावसावर खापर फोडणारं वाक्य दिसलं की पेन्सिलीने खूण करा. बाऊचने वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेबच धरला नव्हता. पूल तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला जोराच्या वाऱ्यात गाडी जाताना बघायचं होतं, ते राहूनच गेलं. २००३ मध्ये वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली, तिथेही नुसतं ‘दरड’ म्हणून भागत नाही. डोंगर किती उभा कापला होता, गस्त कशी होती, वेग किती ठेवला होता, हे शोधा.

अहवाल कोणी लिहिला तेही बघा. टेच्या चौकशीत तिघे होते. रॉदरीने सरळ बाऊचला दोषी धरलं. योलँड आणि बार्लो म्हणाले, दोष ठरवणं आमचं काम नव्हे. पुरावा तोच, अहवाल दोन! आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, म्हणजे रेल्वेची चौकशी रेल्वेच्याच हाती राहू नये. ते कारण शोधतात, शिक्षा कोर्ट देतं. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर तेव्हाचे रेल्वेमंत्री शास्त्रीजींनी राजीनामा दिला, तो नैतिक जबाबदारीचा. तो पुराव्यात धरू नका.

शेवटी शिफारशी. त्यातली एकेक उचला आणि अमलात आली का, ते माहितीच्या अधिकारात विचारा. केंद्राच्या खात्यांना अर्जाची फी दहा रुपये आहे.