लहान सागरी टाकीत आक्रमक माशाला सोबती निवडताना

शंभर-दीडशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आक्रमक मासा पाळायचा असेल, तर त्याच्याबरोबर कोण राहणार हे तो विकत घेण्यापूर्वीच ठरवलेले बरे. समुद्रात हुसकावलेला मासा पोहून दूर निघून जातो. टाकीत त्याला पळायला जागाच नसते, त्यामुळे एरवी क्षणभरात मिटणारी झटापट इथे त्याच्या जिवावर बेतते.

डॅमसेल, डॉटीबॅक, मरून क्लाउनफिश हे हद्द राखणारे मासे आहेत. त्यांचा रोख प्रामुख्याने आपल्यासारखाच रंग किंवा आकार असलेल्या, त्याच कपारीत शिरू पाहणाऱ्या आणि तेच अन्न खाणाऱ्या माशावर असतो. रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक या दोघांचेही अर्धे अंग जांभळे व अर्धे पिवळे असते, दोघेही खडकातल्या बिळाशी राहतात. एवढे साम्य असताना त्यांना लहान टाकीत एकत्र ठेवणे मला मुळीच मान्य नाही. याउलट वॉचमन गोबी वाळूवर, स्वतःच्या बिळाच्या तोंडाशी बसून असतो, म्हणून मरून क्लाउनफिशशी त्याचा संबंध कमी येतो. मात्र त्याच टाकीत दुसऱ्या जातीचा क्लाउनफिश सोडू नये, आणि फायरफिशसारखा भित्रा मासा तर नकोच, कारण घाबरला की तो टाकीबाहेर उडी मारतो.

तोंडाचा आकारही पाहावा. ड्वार्फ लायनफिश कोणाला छळत नाही, पण तोंडात मावेल त्याला गिळतो. हॉकफिश असेल तर लहान कोळंबीची आशा सोडावी. ट्रिगरफिश एवढ्या टाकीत ठेवूच नये.

सोडण्याचा क्रम निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. आधी शांत मासे सोडून त्यांना आपापल्या कपारी धरू द्याव्यात आणि सर्वांत तापट मासा शेवटी आणावा. तो आधीच टाकीत असेल, तर नवा मासा सोडताना खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे त्याची जुनी हद्द मोडते. शिवाय नव्या माशाला काही दिवस छिद्रे असलेल्या पारदर्शक डब्यात त्याच टाकीत ठेवून दोघांना एकमेकांची सवय होऊ द्यावी.

त्यानंतर खाणे घालताना नीट निरीक्षण करावे. सुरुवातीचा थोडा पाठलाग चालतो. परंतु एखादा मासा हीटरच्या मागे किंवा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात अंग चोरून राहत असेल, खाण्याकडे येत नसेल, त्याचे पर फाटलेले दिसत असतील, तर आपोआप जुळेल म्हणून वाट पाहू नये. अशा वेळी शक्यतो हल्लेखोरालाच काही दिवस बाहेर काढावे. तेवढ्या काळात दुसरा मासा स्थिरावतो आणि परत आलेल्या हल्लेखोराला नवख्यासारखी जागा शोधावी लागते. त्यासाठी फिल्टर आणि हीटर लावलेली एक छोटी टाकी पहिल्या दिवसापासून तयार ठेवावी.