पहुडलेली न्यूड रेखाटताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे तरंगणारं शरीर. रेषा सुबक, वळणं गोड, पण बाई गादीवर पहुडली आहे असं वाटतच नाही. मीही अशी ढीगभर चित्रं काढली. एकदा चाळीस मिनिटांची पोज संपल्यावर मॉडेलनं शाल गुंडाळली, माझा कागद पाहिला आणि डावं कोपर पुढे केलं. लालबुंद झालं होतं, चादरीची वीण त्यावर उमटली होती. "सगळा भार यावर होता," ती म्हणाली. माझ्या चित्रात ते कोपर म्हणजे हलक्या हातानं ओढलेलं एक वळण होतं. चेहऱ्यावर मात्र मी पंधरा मिनिटं घालवली होती.

तेव्हापासून मी आधी टेकलेल्या जागा शोधते: कोपर, खुबा, टाच. तिथे पेन्सिल दाबते आणि रेषा किंचित सपाट करते, कारण दबलेलं मांस गोल राहत नाही. वर, कमरेच्या खळगीत, रेषा जवळजवळ विरू देते. डोक्यापासून पायापर्यंत एकाच दाबानं फिरवलेली रेषा वाकवलेल्या तारेसारखी दिसते.

दुसरी चूक घाईची. "मॉडर्न आहे, चालतं" म्हणत नवशिके पहिल्याच दिवशी शरीर चार वळणांत गुंडाळतात. मला याचा मनापासून राग येतो. फ्रेंच चित्रकार मातीसनं १९३५ साली 'पिंक न्यूड' हे पहुडलेल्या बाईचं चित्र रंगवताना बावीस टप्प्यांचे फोटो काढून ठेवले. सुरुवातीला शरीर बरंचसं नैसर्गिक आहे. शेवटच्या चित्रातला तो सपाट, पसरलेला आकार हळूहळू आला. इटालियन चित्रकार मोदिल्यानीसारखं धड लांबवायचंय? खुशाल लांबवा, पण आधी ते मोजा. मी पहिली पाच रेखाटनं पेन्सिल डोळ्यांसमोर धरून, मोजून काढते. सहाव्यात मोजमाप सोडते.

पाय कागदात मावत नाहीत म्हणून गुडघे आखडू नका. डोकं आणि टाच कुठे येणार त्या खुणा आधी करा. पाय तुमच्या दिशेला असतील तर मांडी आखूड दिसते, तेवढीच काढा. शेडिंग बोटानं फासू नका. फोटोवरून गिरवू नका, फोटोत भार कळत नाही.

आणि खोडरबर. पोज संपेपर्यंत मी तो पिशवीतून काढतच नाही. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढते. पहिली डोळ्यांसमोर असली की दुसरी कुठून जायला हवी ते दिसतं.