दोन साइटची तुलना करताना आधी पोती मोजा

‘त्या साइटवर चौरस फुटाला कमी खर्च आला’ हे ऐकून लगेच आपल्या ठेकेदाराला धारेवर धरू नका. तिकडचा दर बिल्टअपवर (भिंती धरून क्षेत्रफळ) आणि तुमचा कार्पेटवर (भिंती सोडून आतले क्षेत्रफळ) असेल, तर तुलनेला अर्थच नाही. शिवाय पैशांत सिमेंट-सळईचे भाव मिसळलेले असतात, ते दर महिन्याला हलतात. म्हणून मी पैसा बाजूला ठेवून सिमेंटची पोती मोजतो.

समजा, १००० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब आहे. काँक्रीट झाले साधारण ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे ८ पोती धरली, तर ९४-९५ पोती लागायला हवीत. (बीमचा हिशेब वेगळा करा, नाहीतर घोळ होतो.) एका साइटवर ९६ लागली आणि दुसरीवर १०८, तर चोरीचा संशय घेण्याआधी टेप घेऊन जिन्याच्या किंवा डक्टच्या कडेला स्लॅबची जाडी मोजा. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) खाली बसून जाडी नुसती अर्धा इंच वाढली तरी नऊ-दहा पोती जास्त जातात.

मजुरीचेही तसेच. प्लास्टरच्या एका ब्रासला (१०० चौरस फुटांना) गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या किती हजेऱ्या लागल्या ते लिहा. आतले आणि बाहेरचे प्लास्टर मात्र एकत्र करू नका. बाहेर परांचीवरच अर्धा दिवस जातो.

पोत्यांची नोंद त्याच संध्याकाळी, रिकाम्या गोण्या मोजून करा. मुकादमाच्या आठवणीवर सोडलीत तर आकडा नेहमी गोल येतो.