पावसाळ्यात कोंबडीखाद्यातली सुकी मासळी: दमट कुटी भाजून वापरू नका

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्यामुळे या दिवसांत खानापूर, बेळगाव, निपाणीकडे मिळणारी सुकी मासळी आणि तिची कुटी (भुकटी) बहुतेक मे महिन्यातली किंवा त्याआधीची असते. त्यात घाटाकडची ओल. खानापूर पट्ट्यात उघडं पोतं थोड्याच दिवसांत हाताला दमट लागतं.

मासळी वाळवण्याआधी बर्फाविना पडून राहिली की जिवाणू तिच्या प्रथिनांतल्या हिस्टिडीन आणि लायसीन या अमिनो आम्लांचं अनुक्रमे हिस्टामाइन आणि कॅडाव्हरिन करतात. ही जैविक अमाइनं एकदा तयार झाली की ऊन, वाफ, पेलेट मशीन कशानेच जात नाहीत. कोरड्या पोत्यात ती तशीच टिकतात, ओल लागली तर आणखी वाढतात. नाकावर विसंबू नका. कॅडाव्हरिन कुजका वास मारतं, हिस्टामाइन तसं जाणवत नाही.

दमट कुटी कढईत भाजायचा मोह होतो. तेच सगळ्यात घातक. जास्त उष्णतेत हिस्टामाइन आणि लायसीन मिळून गिझेरोसीन नावाचं विष होतं. ते पोटात भरमसाट आम्ल सुटायला लावतं आणि पोट्याचं (दाणे दळणाऱ्या जाड स्नायूच्या पिशवीचं) अस्तर सोलून काढतं. टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं विष बांधून ठेवणारी पूड) बुरशीच्या विषासाठी असतो, इथे त्याचा भरवसा धरू नका.

मेलेल्या पक्ष्याचा पोटा चिरून बघा. आतलं पिवळं, चिवट अस्तर भेगाळलेलं, काळपट किंवा बोटाने सहज सुटणारं दिसलं, चोचीतून काळं पाणी येत असेल, विष्ठेत न पचलेले दाणे असतील, तर ते खाद्य त्याच दिवशी थांबवा. मोरचूद जास्त झाला किंवा खाद्याला बुरशी लागली तरीही असंच अस्तर दिसतं. म्हणून खाद्याचा नमुना आणि पक्षी दोन्ही पशुवैद्यांकडे न्या.

खरं तर जून-जुलैत मासळी वगळलेलीच बरी. 100 किलो खाद्यातली 5 किलो कुटी काढलीत तर 6 किलो सोयापेंड, पाऊण किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), 50 ग्रॅम लायसीन आणि 40 ग्रॅम मेथिओनिन घाला, आणि एकूण 100 किलोच राहील इतका मका कमी करा. सुक्या मासळीतलं मीठही गेलेलं असतं, तेव्हा मिठाचा हिशोब पुन्हा मांडा.

वापरायचीच असेल तर पंधरा दिवसांपुरतीच घ्या. पोती जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड फूट दूर रचा. तयार खाद्यातली ओल 11 टक्क्यांच्या आत ठेवा. मक्यासाठी सोपी कसोटी आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर तो मका पुन्हा वाळवा.

प्रत्येक खेपेतली पावशेर कुटी घट्ट झाकणाच्या बरणीत, तारीख लिहून, ती खेप संपेपर्यंत बाजूला ठेवा. पक्षी आजारी पडले तर तपासायला मूळ माल हाताशी राहतो.