थेंब किती मोठे? पाऊस मैद्यात झेलून कसा मोजावा

पर्जन्यमापक पाणी किती पडलं ते सांगतो, कसं पडलं ते नाही. ताशी 5 मिमी पाऊस बारीक, दाट थेंबांतूनही येतो आणि मोजक्या टपोऱ्या थेंबांतूनही. मातीसाठी हा फरक फार मोठा आहे, कारण 1 मिमी व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने पडतो, तर 5 मिमीचा सुमारे 9 मीटर. अमेरिकेच्या विल्सन बेंटली यांनी 1904 मध्ये थेंब मोजायची एक रीत प्रसिद्ध केली. तीत थेंब पिठात झेलतात, त्यांच्या गोळ्या होतात आणि त्या वाळवून मोजतात.

ताट भरणे

साधारण 20 सेंमी व्यासाचं, काठ असलेलं ताट घ्या. त्यात कोरडा मैदा चाळून अडीच सेंमीचा थर द्या. थर पातळ असेल तर मोठा थेंब तळापर्यंत जाऊन चपटा होतो. वरून पट्टी फिरवून सपाट करा, पण दाबू नका. दाबलेल्या पिठावर थेंब फुटून शिंतोडे उडतात आणि एका थेंबाच्या चार गोळ्या होतात.

पावसात धरणे

ताट झाकून मोकळ्या जागी न्या. झाडाखाली किंवा छपराच्या कडेला नको, तिथे ठिबकणारे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा मोठे असतात. झाकण काढा, जोरदार पावसात 2-3 सेकंद, हलक्या पावसात 10-15 सेकंद थांबा आणि लगेच झाका. नेमके सेकंद आणि वेळ लिहून ठेवा. जास्त वेळ धरलं की खळगे एकमेकांत मिसळतात आणि ते ताट फुकट जातं.

वाळवणे व मोजणे

ताट न हलवता एक दिवस कोरड्या जागी ठेवा. मग बारीक चाळणीने हलकेच चाळा. गोळ्या काळ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून पसरा, सरळ वरून फोटो काढा आणि पडद्यावर व्यास मोजा. गोळी लांबट असेल तर दोन दिशांची सरासरी घ्या.

गोळीवरून थेंब

ही पायरी टाळली तर बाकीची मेहनत वाया जाते. गोळीचा व्यास म्हणजे थेंबाचा व्यास नव्हे, आणि दोन्हींचं प्रमाण मैद्यागणिक बदलतं. सुई लावलेल्या सिरिंजमधून 100 थेंब वाटीत टाकून वजन करा. 1 ग्रॅम भरलं तर एक थेंब 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10 घन मिमी. घनफळाला 6 ने गुणून 3.14 ने भागा आणि घनमूळ काढा: व्यास सुमारे 2.7 मिमी. आता त्याच सुईने, जमेल तितक्या उंचीवरून, त्याच मैद्यात थेंब टाकून गोळ्या मोजा. तीन-चार जाडीच्या सुया वापरल्या की तुमचा तक्ता तयार.

पडताळाही घेता येतो. 20 सेंमीच्या ताटात ताशी 40 मिमी पावसात 3 सेकंदांत साधारण 1 ग्रॅम पाणी पडतं. तुमच्या थेंबांच्या घनफळांची बेरीज याच्या जवळपासही नसेल, तर बहुधा बारीक गोळ्या चाळणीतून निसटल्या आहेत.

आकडे वाचणे

नुसती सरासरी काढू नका, ती फसवते. 4 मिमीच्या एका थेंबात 1 मिमीच्या 64 थेंबांइतकं पाणी असतं. म्हणून अर्ध्या मिमीचे गट पाडून प्रत्येक गटात किती पाणी आलं ते मांडा. जवळपास सगळं 0.5 मिमीखाली असेल तर ती भुरभुर. थरांच्या ढगांतल्या संथ, लांबलेल्या पावसात बहुतेक पाणी 1 ते 2 मिमीच्या आसपास सापडतं. गडगडाटी सरीत गट 4-5 मिमीपर्यंत पसरतात. 6 मिमीपेक्षा मोठा थेंब पडता पडता सहसा फुटतो, त्यामुळे तेवढी गोळी दिसली तर दोन थेंब एकाच जागी पडले असावेत.

गडगडाटी सरीत एका ताटावर भागवू नका. मोठे थेंब लवकर खाली पोचतात, म्हणून पहिल्या मिनिटाचं ताट टपोऱ्या थेंबांकडे झुकतं. दर 5 मिनिटांनी नवं ताट धरा.